कुशीवर वळवण्याचा तास

"हसून झालं? मग वळव."

प्रयोगशाळेतून हे वाक्य ऐकू आलं की स्टाफरूममधल्या आम्हाला कळायचं, आज कुठल्या तरी मुलीने बायो मॅडमपुढे नर्सिंगचं नाव काढलेलं आहे.

दारातून डोकावलं तर दृश्य ठरलेलं असायचं. मधलं लांब टेबल रिकामं केलेलं. बेडकांचे ट्रे खिडकीच्या कट्ट्यावर सरकवलेले. चपला टेबलाखाली जोडीने ठेवलेल्या, आणि टेबलावर मॅडम स्वतः उताण्या. पदर कमरेला खोचलेला, चष्मा काढून मुठीत धरलेला. बाई अंगाने चांगल्याच भरलेल्या. त्या आडव्या झाल्या की टेबल एकदा कुरकुरायचं आणि मुली ओढण्या तोंडात कोंबायच्या.

"मी पेशंट," मॅडम छताकडे बघत सांगायच्या. "अर्धांग झालंय. उजवी बाजू गेली. सकाळपासून अशीच पडलेय, पाठ पेटलीय नुसती. मला कुशीवर वळव."

मुलगी हसायची. मैत्रिणी हसायच्या. मॅडम शांतपणे वाट बघायच्या. हसण्याचा वेळ त्यांनी धरलेलाच असायचा. मग ते वाक्य यायचं.

बहुतेक मुली पाठीमागून जोर लावायच्या.

"ढकलू नकोस गं. मी काय बंद पडलेली जीप आहे? अशी समोर ये. पलीकडचा गुडघा दुमड. पलीकडचा हात माझ्या छातीवर ठेव. आता खांद्याला आणि कमरेला धर आणि आपल्याकडे घे. माणूस ढकलायचा नसतो, आपल्याकडे घ्यायचा असतो."

तरी त्या एकीला वळायच्या नाहीत. दुसरी यायची, तिसरी यायची. शेवटी कशाबशा कुशीवर झाल्या की उठून बसायच्या, दम्याचा पंप तोंडात मारायच्या आणि धापा टाकत म्हणायच्या, "हे रोज. वॉर्डातल्या प्रत्येकाला. वर नातेवाइकांच्या शिव्या. आता घरी जा, भाकरी थापायला हात उचलतात का बघ, आणि उद्या मला सांग."

बऱ्याच जणी दुसऱ्या दिवशी काही सांगायला यायच्या नाहीत. मॅडमना त्याचं वाईट वाटायचं नाही. "बरं झालं," त्या म्हणायच्या. "आत्ताच कळलं. नंतर कळलं असतं तर पेशंटला भोगावं लागलं असतं."

ही वळवण्याची विद्या त्या कुठल्या कॉलेजात शिकलेल्या नव्हत्या. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, ती सगळी वर्षं मॅडमनीच काढली होती. त्याबद्दल कुणी 'केवढी सेवा केलीत' म्हटलं की त्या वैतागायच्या. "सेवा कसली? कंटाळा यायचा. कंटाळा आला तरी वळवायचं, एवढंच शिकले."

तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल. आपण त्याच्याकडे दारात उभं राहून बघतो. मी तशी दारातलीच. मराठी शिकवायची, आणि मोकळा तास मिळाला की ग्रंथालयात बसायची. मॅडम मला विषयाच्या नावानेच हाक मारायच्या.

"काय मराठी, आत या की. नुसतं काय बघताय?"

"तास आहे, मॅडम."

"तुमचा कायम तास असतो."

मॅडम गेल्या. तेव्हापासून मी हे लिहिते आहे. सावकाश, एका वेळी थोडं.

आमचं ज्युनिअर कॉलेज मुळशीच्या रस्त्यावर. मी तिथे लागले तेव्हा खिडकीतून भाताची खाचरं दिसायची. त्याच सुमारास तिकडे माण गावाच्या बाजूला कंप्युटरच्या कंपन्या यायला लागल्या, आणि दोन-चार वर्षांत अकरावीला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या बापाच्या तोंडी एकच शब्द झाला, बायफोकल. बायफोकल म्हणजे कंप्युटरचा दोनशे मार्कांचा विषय. तो घेतला की एक भाषा आणि दुसरा एक विषय सोडता यायचा. भाषांपैकी इंग्रजी कुणी सोडत नसे आणि गणित कुणी सोडू देत नसे. म्हणजे सुटायचं ते मराठी आणि जीवशास्त्र.

"आपण दोघी एकाच दाराने बाहेर निघालो बघा," मॅडम डबा उघडता उघडता म्हणायच्या. "चला, निदान सोबत आहे."

मराठीला कलाशाखेचे वर्ग होते, म्हणून माझं निभावलं. मॅडमची तुकडी मात्र दर वर्षी आक्रसत गेली. तुकडी भरली नाही तर जीवशास्त्र बंद करू, असं संस्थेने सांगितलेलं होतं. आणि ते बंद झालं असतं तर आमच्या पट्ट्यातल्या मुलींना बीएस्सी नर्सिंगचं दारच लागलं असतं, कारण तिथे जीवशास्त्र लागतंच. मुलींना हे अकरावीत माहीत नसायचं. बारावी झाल्यावर त्या कळवळून यायच्या, तोवर उशीर झालेला असायचा. आयटी पार्क उशाशी आल्यामुळे लोकांनी सरळ समजूत करून घेतली होती, आता दवाखानेसुद्धा कंप्युटरवरच चालतात. नर्स व्हायचं? मग आधी कंप्युटर शिका.

सारिका अशीच बायफोकलला बसलेली. जवळच्या चांदे गावाहून यायची. हडकुळी, फार न बोलणारी. ग्रंथालयाच्या फळ्यावर मी वर्तमानपत्रातली कात्रणं लावायची, त्यात भूकंपानंतरच्या साथीत तंबूत काम करणाऱ्या नर्सचा एक फोटो होता. सारिका त्याच्यापुढे उभी असलेली मी बऱ्याचदा पाहिली.

एक दिवस तिने विचारलं, "मॅडम, जितं साथ येती तितं ह्या जात्यात ना? मला तसं करायचंय. त्याला काय घ्यायला पायजे?"

मी तिला बायो मॅडमकडे पाठवली. ठरल्याप्रमाणे टेबल रिकामं झालं, पण सारिका हसली नाही. तिने पलीकडचा गुडघा दुमडला, खांद्याला आणि कमरेला धरलं आणि मॅडमना आपल्याकडे ओढलं. मॅडम अर्ध्या वळल्या. एकटीच्या हातांनी तेवढ्या त्या त्याआधी कधी वळल्या नव्हत्या.

मॅडम तशाच, अर्ध्या कुशीवर, म्हणाल्या, "कुणाला वळवतेस तू?"

"आज्याला. घरी."

विषय बदलायला महिनाभराची मुदत असायची, पण वडिलांची सही लागायची. वडील सही करेनात. तेव्हा एका रविवारी मॅडम मला म्हणाल्या, "मराठी, चला चांद्याला. मला शिष्टाईचं बोलता येत नाही. तुम्ही असलात म्हणजे बरं."

मी गेले, पण बोलले काहीच नाही.

सारिकाच्या वडिलांनी थोडी जमीन विकून खोल्या बांधल्या होत्या. खोल्यांच्या कठड्यावर भाडेकरू पोरांच्या जीन्स वाळत होत्या. एका बाजूला अजून खाचर होतं, आणि त्याच्या बांधावर खडीचा ढीग.

"बसा बाई. च्या टाक गं," त्यांनी आत आवाज दिला.

मॅडमनी लगेच सांगितलं, "दादा, सारिकाला बायो घ्यायचंय. नर्सिंगला जायचंय."

"तिला काय कळतंय? ह्या खोल्यांतली समदी पोरं बगा. सकाळी गाडी न्यायला येती, सांजच्याला आणून सोडती. एशीत बसून काम. आन् माझी पोर काय करणार? लोकांची घाण काढणार?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "सुरुवातीला बरीच. पाय सुजतील. रात्रपाळी असते. दिवाळीला घरी येता येईलच असं नाही. डॉक्टर ओरडतात, पेशंटही ओरडतात."

वडील चपापले. "आवो, तुमी तिच्याकडनं बोलाय आलाय का माझ्याकडनं?"

"जे आहे ते सांगते."

"मंग तुमाला एवढं काय पडलंय? का तुकडी भरंना म्हून पोरी गोळा करत हिंडताय?"

मी चहाच्या कपात बघत राहिले.

"तेही आहे," मॅडम म्हणाल्या. "पोरी कमी पडल्या तर माझा विषय बंद करणार आहेत. खोटं कशाला बोलू?"

तेवढ्यात आतून एक खरखरीत हाक आली, "सारेऽ!"

"जा गं, आज्याला बग," वडील म्हणाले.

आम्ही बसलो होतो तिथून आतली खाट दिसत होती. सारिका खाटेजवळ गेली, वाकली आणि म्हणाली, "आजा, वळवू का?"

"वळीव," म्हातारा म्हणाला.

तिने वळवलं. पाठीखाली हात घालून चादरीची सुरकुती काढली. आवाज झाला नाही, धसमुसळेपणा झाला नाही. मॅडमनी कप खाली ठेवला.

"दादा, ही शिकायला बाहेर गेली तर यांना कोण वळवणार?"

वडील कठड्यावरच्या जीन्सकडे बघायला लागले.

"हिची आई?"

"तिची कंबर गेलिया."

"मग तुम्ही?"

ते हसले. "मी? बाप्याचं काम हाय व्हय ते?" आणि मग हसणं ओसरलं तसं खाली बघत म्हणाले, "न्हाई, म्हंजी... मला जमत न्हाई बाई. मी हात लावला की म्हातारा वरडतो. हिच्याच हाताला गप ऱ्हातो."

मला तेव्हा उमगलं, सही कशासाठी अडली होती. घाणीचं कारण वरवरचं होतं. हा माणूस पोर गेल्यावर बापाच्या खाटेपाशी एकटा उभा राहायला भीत होता.

मॅडम उठल्या. "या इकडे," म्हणाल्या, शाळेतल्या पोराला म्हणावं तसं. गड्याच्या अंगाचा तो माणूस मुकाट्याने त्यांच्यामागून आत गेला. मी उंबऱ्यात थांबले.

"गुडघा दुमडा. हात छातीवर. आता धरा. ढकलू नका! आपल्याकडे घ्या."

"आरं मुडद्या," म्हातारा कळवळला, "भाताचं पोतं हाय व्हय मी?"

"बगा! म्हनलं न्हवतं?" वडील हात सोडून मागे सरले.

"ओरडू देत. परत धरा."

सारिका भिंतीला टेकून उभी होती. तिने ओढणी तोंडाशी धरली होती, पण ती हसते आहे की रडते आहे ते मला उंबऱ्यातून कळेना.

परतताना एसटीत मॅडम डोळे मिटून बसल्या होत्या. रस्त्याचं काम चाललेलं, खिडकीतून धूळ आत येत होती. मला वाटलं, दमल्या असतील. मग त्या एकदम म्हणाल्या, "ऐकलंत का, मराठी? तिने विचारलं."

"काय?"

"'वळवू का' म्हणून. मी एवढ्या पोरींपुढे त्या टेबलावर पडले, एकीने मला विचारलं नाही. आणि मीही कुणाला सांगितलं नाही की आधी विचारावं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "सासूबाईंनाही मी कधी विचारलं नाही. वेळ झाली की वळवायचे."

पुढचे दोन-तीन रविवार त्या चांद्याला जात राहिल्या, एसटीने, सुजलेले पाय घेऊन. मी एकदा गेले, एकदा नाही. मुदत संपायच्या दिवशी सारिकाचे वडील कॉलेजात आले आणि प्रयोगशाळेच्या दारातूनच म्हणाले, "बाई, बदला काय बदलायचं ते."

"वळवता येतात का?"

"येत्यात. शिव्या देत्यात, पर येत्यात."

तेव्हापासून टेबलावरच्या तासात एक भर पडली. मुलीचं हसून झालं, ती पुढे आली आणि तिने हात लावला, की मॅडम डोळे मिटूनच म्हणायच्या, "विचारलंस का मला?"

तुम्हाला वाटेल, यानंतर सगळं सुरळीत झालं असेल. तसं होत नाही. सारिकाच्या तुकडीनंतर आणखी एक तुकडी कशीबशी बसली, आणि मग जीवशास्त्र बंद झालं. प्रयोगशाळेत कंप्युटर आले. बरण्यांतले साप-बेडूक कुठे गेले, मी विचारलं नाही. लांब टेबल स्टाफरूममध्ये आलं. मॅडमना पर्यावरणाचे तास दिले, वर्गात अर्धी मुलं झोपलेली असायची. मॅडम त्याच टेबलावर डबा ठेवून बसायच्या आणि लाकडावर थाप मारून म्हणायच्या, "हा माझा पलंग. यावर मी किती वेळा मेले असेन!"

सारिकाला पुण्यात बीएस्सी नर्सिंगला जागा मिळाली. सुट्टीत आली की ती आधी स्टाफरूममध्ये यायची.

"मॅडम, तुम्ही सांगितलं होतं त्यापेक्षा वाईट आहे."

"मग सोड."

"न्हाई."

आणि दोघी हसायच्या. त्या हसण्यात काय असायचं ते मला बाहेरून नीट कळलं नाही. दोघी दमलेल्या दिसायच्या, एवढं खरं.

तिचा आजा ती शिकत असतानाच गेला. दहाव्याला आम्ही गेलो होतो. घाटावर सारिकाचे वडील येईल त्याला एकच गोष्ट सांगत होते. "एवढी वर्सं पडून व्हता, पर पाठीवर एक फोड न्हाई. हां! शेवटपत्तुर मीच वळवत व्हतो." मॅडमना बघून ते थांबले आणि म्हणाले, "बाईंनी शिकिवलं." मॅडमनी मान फिरवली आणि पर्समध्ये पंप शोधायला लागल्या.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मॅडमच आजारी पडल्या. पोटातलं दुखणं होतं, समजलं तेव्हा पसरलेलं होतं. उपचार झाले, केस गेले. भेटायला गेलं की त्या आजाराबद्दल बोलायच्या नाहीत. विचारायच्या, "मराठी, बायफोकलला किती बसले यंदा?"

तेच वर्ष, ज्या वर्षी पुण्यात सगळ्यांनी तोंडाला रुमाल बांधले होते. स्वाइन फ्लूची साथ. शाळा-कॉलेजं काही दिवस बंद होती. सारिका नुकतीच कामाला लागलेली, तिची ड्यूटी त्याच वॉर्डात. जिथे साथ येते तिथे जायचं, असं ती म्हणाली होती. तिला कुठे जावं लागलं नाही. साथच आली.

त्या दिवशी मी पिरंगुटला मॅडमच्या घरी पोचले, तर त्यांचे यजमान दारातच चपला घालत होते. त्यांना औषध आणायला जायचं होतं. मॅडमचं करायला येणारी बाई साथीच्या भीतीने येईनाशी झाली होती. "तुम्ही बसताय ना जरा?" ते म्हणाले आणि गेले. मी आतल्या खोलीत खुर्ची ओढून बसले. मॅडम डोळे मिटून उताण्या पडल्या होत्या.

थोड्या वेळाने सारिका आली, तोंडावर मास्क, डोळे सुजलेले. रात्रपाळी करून तशीच निघाली असावी. खोलीच्या उंबऱ्यापाशी ती थांबली.

"आत ये की," मी म्हणाले.

"नको मॅडम. मी वॉर्डातून आलेय. आंघोळ केलीय, पण नको. त्यांना काही व्हायला नको." ती चौकटीला टेकली. "बायो मॅडम, मी सारिका. कसं वाटतंय?"

मॅडमनी डोळे उघडले. तिच्याकडे बघून हसल्यासारखं केलं. "पाठ," म्हणाल्या. "पाठ पेटलीय."

टेबलावर पडून त्या हेच म्हणायच्या.

मी सारिकाकडे पाहिलं. तिचे हात पुढे आलेले होते. तिने ते मागे घेतले, दंडांवर घट्ट धरून ठेवले.

"मराठी मॅडम, तुम्हीच वळवा," ती म्हणाली. "मी सांगते हितनं."

मी उठले. एवढी वर्षं मी हा तास दारातून पाहिला होता, सगळा पाठ होता. पण खाटेशी गेले आणि मला काही दिसेना. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तरी दिसेना. सारिका उंबऱ्यातून हळूहळू सांगत होती, "आदी गुडघा. पलीकडचा." आणि माझे हात नुसतेच चादरीवर.

मॅडम छताकडे बघत वाट पाहत होत्या.

"रडून झालं?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "मग वळव."

मी डोळे पुसले. खाली वाकले.

"मॅडम, वळवू का?"

"वळव."

मी पलीकडचा गुडघा दुमडला. पलीकडचा हात त्यांच्या छातीवर ठेवला. खांद्याला आणि कमरेला धरलं. तीन-तीन मुलींना न वळणारी ती बाई डोळ्यांपुढे आणून पाय रोवले, होता नव्हता तेवढा जोर एकवटला आणि त्यांना आपल्याकडे घेतलं.

त्या लगेच आल्या. ओली साडी उचलायलाही याहून जास्त बळ लागतं.

एकवटलेला सगळा जोर माझ्या हातांत तसाच राहिला. अजून आहे.